हाडापेक्षा ब्रश बरा
कुत्र्याला मटणाचं हाड दिलं की त्याचे दात आपोआप साफ होतात, असं काही जण म्हणतात. शिजवलेलं हाड अजिबात देऊ नका. त्याच्या कपच्या घशात अडकतात, शिवाय वरची मोठी दाढ तडकते ती वेगळीच.

रोज ब्रशच करा. आपली पेस्ट मात्र नको. कुत्रा ती गिळतो, आणि तिच्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर जिवावर बेततं. आमच्या बंड्याला चिकनच्या चवीची पेस्ट आधी बोटावर चाटवली, मग मऊ कापडाने चोळली, ब्रश त्यानंतर. जबडा उघडायची झटापट कशाला? ओठ वर उचलून गालाकडची बाजू घासा, किटण तिथेच जास्त धरतं. ते एकदा घट्ट झालं, की डॉक्टरांकडे भूल देऊन स्केलिंगच (तो थर खरवडून काढणं) करावं लागतं.