"कळवतो" म्हणाले त्याला पाच महिने झाले, मधल्या काळात माणसाने करायचं काय?

अधलीमधली:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचतेय, आज लिहितेय कारण डोकं फुटायची वेळ आलीये. वय ३४. कॉन्ट्रॅक्ट संपलं, लगेच दोन ठिकाणी इंटरव्ह्यू दिले, दोन्ही मस्त झाले आणि दोन्हीकडून "कळवतो". सरळ नाही म्हणाले असते तर एक दिवस रडून मोकळी झाले असते हो, आता ना धड रडता येत ना दुसरं काही ठरवता येत. घर बदलायचं होतं ते अडकलंय, दातांचं काम अडकलंय, मैत्रिणीला भेटायला जायचं होतं तेही, सगळं "एकदा ते कळू दे मग बघू" वर.

दिवस कसा जातो विचारू नका. साडेदहाला उठते, मेल बघते, काही नाही, तोंड धुऊन येते, परत बघते. त्यात जो भेटेल तो सांगतो वेळ मिळालाय तर स्वतःवर काम कर, पर्सनल ग्रोथ कर. केली की! तीन ऑनलाइन कोर्स घेतले, एकही दुसऱ्या धड्यापुढे गेला नाही. ध्यानाचं ॲप घेतलं तर ते रोज रात्री "आज तुम्ही आला नाहीत" म्हणून मेसेज टाकतं, म्हणजे आता ध्यानाचंही टेन्शन.

काहीच न करता मी एवढी दमते कशी? आणि अशा वेळी तुम्ही नक्की काय केलंत ते सांगा, प्लीज "पॉझिटिव्ह राहा" नको.

पाऊणतास:
दमणार नाहीस तर काय होईल, वाट बघणं ही फुल टाइम नोकरी आहे, फक्त पगार नाही.

२०१६ मधे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजवाल्यांनी एक प्रयोग छापला होता. ४५ जणांना कॉम्प्युटरवर दगड दाखवायचे, खाली साप आहे का ओळखायचं, आणि साप निघाला की हाताला शॉक, खराखुरा, दुखणारा. साप निघायची शक्यता मधेमधे बदलत राहायची. घाम, डोळ्यांच्या बाहुल्या वगैरे बघून ताण मोजला तर सगळ्यात जास्त ताण कधी? शॉक नक्की बसणार हे माहीत असताना नाही, तर बसेल का नाही हे अगदी ५०-५० असताना. तुझे दोन "कळवतो" म्हणजे ते दोन दगड आहेत आणि तू पाच महिने त्यांच्याकडे टक लावून बसलीयेस.

मला जे लागू पडलं ते सांगतो. दोन ओळींचा मेल टाक, "निर्णय साधारण कधीपर्यंत होईल?" बास. तारीख आली तर तोपर्यंत त्या विषयाला हात लावायचा नाही. उत्तरच नाही आलं तर तारीख तू ठरव, ती उलटली की तुझ्यापुरतं ते "नाही", मागाहून हो आलं तर आलं. मी हा मेल टाकायला सात आठवडे लावले, विचारलं तर उतावीळ वाटेन म्हणून. तिकडे माझा कागद कोणाच्या तरी टेबलावर तसाच पडून होता आणि मी इकडे माझ्या इंटरव्ह्यूतल्या एकेका वाक्याचं पोस्टमॉर्टेम करत होतो.

स्पष्टवक्ता:
ॲप डिलीट कर. कोर्स पण.

रिटायर्ड काका:
अगं, मी तुझ्या दुपटीच्या वयाचा आहे, आणि निवृत्त झाल्यावर माझं हेच झालं होतं. लोकांना वाटतं निवृत्ती म्हणजे सुख. पहिले सहा महिने मी कोण हेच कळेना, कोणी "काय करता?" विचारलं की "करत होतो" पासून सुरुवात. मुलाने वही आणून दिली, बाबा ध्येयं लिहा. मी बावीस लिहिली, वही कपाटात गेली, ती अजून तिथेच आहे.

फरक पडला तो एकाच गोष्टीने, उठायची वेळ. झोपायची नाही, उठायची! झोप काही बोलावून येत नाही, उठणं मात्र आपल्या हातात असतं. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, साडेदहाला उजेड बघितलास तर रात्री झोप पुढे ढकलली जाणारच. म्हणून उठलं की बाहेर पडायचं, वीस मिनिटं, फोन घरी ठेवून. आणि ते २१ दिवसांत सवय लागते वगैरे ऐकू नकोस. एका अभ्यासात ९६ जणांना बघितलं तर सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ पर्यंत लागतील असा हिशोब निघाला, आणि एखादा दिवस चुकला म्हणून काही बिघडलं नाही. मी २५४ वाल्यांपैकी असणार.

अधलीमधली:
मेल टाकले दोन्हीकडे!! सेंड दाबून लॅपटॉप बंद केला आणि उगाच जिना चढून उतरून आले. काका, आठला उठायचं ठरवते, सहा वगैरे झेपणार नाही.

पण रात्री तीनचं काय करू? बरोबर तीनला जाग येते आणि मग पैसे, वय, तेव्हा ते काम सोडून हे का घेतलं, सगळं एकदम. विचार करू नको म्हटलं की दुप्पट येतात.

रात्रपाळी:
तीन वाजताचं डोकं कोणतंही खातं सांभाळायच्या लायकीचं नसतं, तेव्हा केलेला हिशोब धरायचाच नाही. साधारण वीस मिनिटं गेली असं वाटलं (घड्याळ बघायचं नाही, अंदाजानेच) की सरळ उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद दिवा, काहीतरी रटाळ वाचायचं, मी जुन्या मिक्सरचं माहितीपत्रक वाचायचे. डोळे जड झाले की परत आत. अंथरूण म्हणजे काळजी करायची जागा ही जी गाठ बसलीये ती सैल व्हायला हवी.

दुसरं, काळजीला वेळ देऊन टाक. रोज संध्याकाळी साडेपाच ते सहा, ठरलेली खुर्ची, वही. दिवसभरात विचार आला की वहीत एक शब्द टाकायचा आणि "साडेपाचला बघू". ही माझी अक्कल नाही, १९८३ पासून मानसशास्त्रात लिहिलेलं आहे. गंमत म्हणजे साडेपाचला बसलं की निम्मे शब्द शिळे झालेले असतात, आणि उरलेल्यांत एखाद्याच्या पुढे खरंच काहीतरी लिहिता येतं, "उद्या दातांच्या डॉक्टरला फोन" असलं. तुझी दातांची अपॉइंटमेंट त्या मेलवर का अडलीये बाय द वे?

एक मात्र सीरियसली. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, आवडीच्या गोष्टीत रस उरला नसेल, भूक-झोप गेली असेल तर ते वहीचं काम नाही, डॉक्टरकडे जा. जगणंच नको वाटलं तर दोन आठवडे मोजत बसू नकोस, त्याच दिवशी कोणालातरी सांग आणि मदत घे. मी चार महिने "फेज आहे" म्हणत काढले, म्हणून बोलतेय.

अधलीमधली:
नऊ दिवसांनी येतेय. एकीकडून उत्तर आलं, पुढच्या महिन्याच्या १५ पर्यंत कळवणार. दुसरीकडून काहीच नाही, म्हणून त्याला मीच येत्या शुक्रवारचं कुलूप लावलंय. नऊपैकी सहा दिवस आठला उठले. तीनची जाग येतेच अजून, पण काल परत झोप लागली. साडेपाचच्या वहीत परवा तीनच शब्द होते आणि त्यातला एक माझा मलाच वाचता येईना.

रात्रपाळी, डॉक्टरचं लक्षात ठेवलंय, सध्या तसं नाहीये, खोटं नाही बोलत. दातांची वेळ घेतली, मंगळवार. स्पष्टवक्ता, ॲप डिलीट केलं, दोन कोर्सही उडवले. तिसरा ठेवलाय, रागावू नका.