४ जुलै: व्हिक्सबर्ग राहिलंच की!

४ जुलै या अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या योगायोगांत कुणीतरी ॲडम्स आणि जेफरसन हे दोघेही माजी राष्ट्राध्यक्ष ४ जुलै १८२६ लाच वारल्याचं लिहिलंय. आणखी एक माजी राष्ट्राध्यक्ष मन्रोही त्याच तारखेला, १८३१ मध्ये. पण मला खरा रस अमेरिकेच्या उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्धातल्या, १८६३ च्या ४ जुलैत. मिसिसिपीकाठचं व्हिक्सबर्ग ४७ दिवसांच्या वेढ्यानंतर उत्तरेचा सेनापती ग्रँटच्या हाती पडलं. गावकरी टेकड्या पोखरून भुयारांत राहत होते, शेवटी खेचरांचं मांस खायची पाळी आली. तिथला दक्षिणेचा सेनापती पेंबरटन, गंमत म्हणजे, मूळचा उत्तरेतल्या पेनसिल्व्हेनियाचा! स्वातंत्र्यदिनी शरण गेलो तर उत्तरवाले अटी सैल करतील, असा त्याचा हिशेब. तो अगदीच चुकला म्हणवत नाही. ग्रँटने सुमारे २९ हजार सैनिकांकडून पुन्हा न लढण्याचं वचन लिहून घेतलं आणि बहुतेकांना सोडून दिलं. तिकडे त्याच रात्री गेटिसबर्गची लढाई हरलेलं दक्षिणेचा सेनापती लीचं सैन्य भर पावसात माघारी निघालं होतं.