सोर्स म्हणजे स्रोत, की उगम?

गेल्या आठवड्यात नववीच्या एका मुलीच्या वहीत वाक्य आलं: ‘मांजरा नदीचा स्त्रोत पाटोदा तालुक्यात आहे.’ माहिती बरोबर. मांजरा बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडच्या बालाघाटाच्या डोंगरातच निघते. मी ‘स्त्रोत’ खोडून ‘उगम’ लिहिलं. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली, “सर, डिक्शनरीत सोर्सचा अर्थ स्रोतच दिलाय. मग चुकलं काय?” प्रश्न रास्त होता, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आधी लेखन. शब्द ‘स्रोत’ आहे, स आणि र. मधे त नाही. ‘स्तोत्र’ आणि ‘स्त्री’ यांच्या सवयीनं हात तिकडं वळतो. छापील मजकुरातही ही चूक सर्रास दिसते.

आता अर्थ. ‘सोर्स’ आणि ‘स्रोत’ कानाला इतके जवळचे वाटतात की एकाच घरातले असावेत असं वाटतं. तसं नाही. स्रोत संस्कृतातल्या ‘स्रु’ धातूपासून आला, म्हणजे वाहणे. संस्कृतात स्रोतस् म्हणजे वाहतं पाणी, प्रवाह. गीतेच्या दहाव्या अध्यायात ‘स्रोतसामस्मि जाह्नवी’ आहे, म्हणजे प्रवाहांमध्ये मी गंगा. वैद्य शरीरातल्या वाहिन्यांना स्रोतसं म्हणतात तेही याच अर्थानं. इंग्रजीत त्याचा खरा भाऊबंद ‘स्ट्रीम’ आहे.

सोर्स मात्र जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेला आणि त्याच्या तळाशी लॅटिन ‘सुर्गेरे’ आहे, म्हणजे वर येणे, उठणे. आपला ‘उगम’ हा ‘उद्गम’वरून आलेला, उद् म्हणजे वर आणि गम् म्हणजे जाणे. म्हणजे जोडी जुळते ती सोर्स आणि उगमाची! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मी लगेच फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून मुलांना दाखवले.

जमिनीतून पाणी वर येताना मी एकदाच डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या विहिरीचं काम पन्नास फुटांच्या खाली गेलं होतं आणि सगळा काळा पाषाण. दोन थरांच्या सांध्यात आधी नुसती ओल दिसली, तळहाताएवढी. पहारीचा घाव बसला तशी त्या ओलीतून बोटभर धार सुटली. खालून हाक आली, “झरा फुटला बगा!” सोर्सला ‘झरा’ हाही शब्द चालतो, आणि तो बारमाही असेल तर आपण ‘जिवंत झरा’ म्हणतो. इतका नेमका शब्द हाताशी असताना ‘पाण्याचा स्रोत’ मला कागदी वाटतो. म्हणीतही आपण सोर्स शोधतोच की: ‘आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ आणि ‘नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये’. इथं मूळ.

पण उगम सगळीकडे बसत नाही. बातमीचा सोर्स म्हणजे सूत्र. शेती हाच कमाईचा सोर्स असेल तर ते उत्पन्नाचं साधन. इतिहासाच्या सोर्सला इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ‘साधने’ म्हटलं. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 चा. अभ्यासकांमध्ये तो शब्द आजही टिकून आहे. कुणी काही सांगितलं आणि ‘याचा सोर्स काय?’ असं विचारायचं असेल तर ‘हे कुठून कळलं?’ एवढं पुरतं. तिथं नाम लागतच नाही.

स्रोत बाद करा असं माझं म्हणणं नाही. ‘ऊर्जास्रोत’, ‘मुक्तस्रोत’ (म्हणजे ओपन सोर्स) रुळले आहेत. मराठीनं त्याला नवा अर्थ दिला आणि तो शब्द आता आपला आहे. फक्त नदीजवळ उगमाला हटवून त्याला बसवू नये.

एक अर्थ मात्र इंग्रजी कोशात मिळणार नाही. पोराच्या नोकरीचा विषय निघाला की आमच्याकडे चुलते, मामा पहिलं विचारतात, “वर कुणाचा सोर्स हाय का?” म्हणजे ओळख, वशिला. आणि हा वशिला अरबीतल्या ‘वसीला’वरून आलेला, ज्याचा मूळ अर्थच साधन.