आपल्या टी-पेशींचा लगाम सुटलाय का?

सूक्ष्मदर्शी: चिंपांझीच्या आणि आपल्या डीएनएची अक्षरं शेजारी-शेजारी ठेवली तर फरक साधारण १.२ टक्के. मग आजार इतके वेगळे का? माझ्या मते उत्तर जनुकांपेक्षा ती कुठे बोलतात आणि कुठे गप्प बसतात यात आहे. सिग्लेक-५ हे पेशीला आवर घालणारं प्रथिन. चिंपांझी, बोनोबो, गोरिला यांच्या टी-पेशींवर (जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ते ठळक दिसतं, आपल्या टी-पेशींवर जवळपास नाहीच. जनुक आपल्याकडेही आहे आणि इतर पांढऱ्या पेशींत ते कामही करतं! २००६ मध्ये सान डिएगोच्या अजित वर्की यांच्या गटाने माणसाच्या टी-पेशींत ते घातलं, तर त्या शांत झाल्या. चिंपांझीच्या पेशींवरचं कमी केलं, तर त्या चेकाळल्या. एचआयव्ही टोचलेल्या शंभराहून जास्त चिंपांझींत एड्स जवळपास कुणालाच झाला नाही, त्याचंही मूळ मला इथेच दिसतं. त्याच वर्षी लंडनमध्ये टी-पेशींना चेतवणाऱ्या टीजीएन१४१२ या औषधाने सहा स्वयंसेवक मरणाच्या दारात गेले. प्राण्यांत ते निर्धोक ठरलं होतं.

रानवाट: ताई, दोन ठिकाणी गल्लत होतेय. ते औषध मकाकांवर तपासलं होतं, आणि मकाक म्हणजे माकड, कपी (चिंपांझी-गोरिलांचा बिनशेपटीचा गट) नव्हे. पुढे कारणही वेगळंच निघालं: औषध टी-पेशींवरच्या ज्या सीडी२८ या प्रथिनाला चिकटतं, ते मकाकांच्या काही स्मृती टी-पेशींवर (जुना जंतू लक्षात ठेवणाऱ्या) नसतंच. दुसरं, चिंपांझींना एड्स होत नाही ही पिंजऱ्यातली गोष्ट. टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात एसआयव्ही (एचआयव्हीचा कपी-माकडांतला भाऊबंद विषाणू) झालेल्या चिंपांझींचा मृत्यूचा धोका त्याच वयाच्या निरोगी चिंपांझींच्या १० ते १६ पट निघाला (२००९). सिग्लेक-५ त्यांच्याकडेही होतंच ना? मग त्याने वाचवलं का नाही?

प्रयोगवही: मी पेशी वाढवण्याचंच काम करते, म्हणून एक भर घालते. टी-पेशी जाग्या करायला आपण प्रयोगशाळेत प्रतिपिंड (पेशीवरच्या ठरावीक प्रथिनाला चिकटणारं प्रथिन) वापरतो. २००८ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की त्या प्रतिपिंडाचा प्रकार बदलला की चिंपांझीच्या पेशीही जोमाने उठतात. म्हणजे फरकाचा काही भाग पेशीचा नसून आपल्या बाटलीचा. शिवाय २०२१ मध्ये माणूस, चिंपांझी, मकाक आणि बबून यांच्या रक्ताची तुलना झाली. जंतूंच्या घटकांना पहिला प्रतिसाद देण्यात माणूस आणि चिंपांझी दोघेही माकडांपेक्षा आक्रमक ठरले. तिथे तरी लगाम सुटलाय तो दोघांचाही.

सूक्ष्मदर्शी: गोंबेचा मुद्दा मान्य, औषधाचाही. एड्सबद्दल मी घाई केली. पण २०२१चं काम जन्मजात प्रतिकाराचं (शरीराच्या पहिल्या, सरसकट बचावाचं) आहे, टी-पेशींचं नव्हे. आणि एकाच माणसाच्या पेशींत ते प्रथिन घातलं, तर प्रतिसाद घटतो. तिथे दोन प्राण्यांची तुलनाच नाही. तो पुरावा मी सोडणार नाही.

रानवाट: नका सोडू. पण ‘त्यांची प्रतिकारशक्ती आपल्यापेक्षा शहाणी’ असं लोक यातून ऐकतात, ते मला सलतं. २०१३ मध्ये युगांडातल्या कान्यावारा टोळीत ५६ पैकी ५ चिंपांझी खोकून मेले. विषाणू होता ऱ्हायनोव्हायरस-सी, आपल्या साध्या सर्दीचा. सीडीएचआर३ या जनुकाच्या ज्या रूपामुळे आपल्या लहान मुलांना त्याचा जास्त त्रास होतो, तेच रूप तपासलेल्या प्रत्येक चिंपांझीत सापडलं. मास्क न लावता त्यांच्या जवळ जाणाऱ्यांना हे आधी सांगा, सिग्लेक नंतर.