स्वामीनाथन आणि ‘आयुष्यभर एकच पक्षी’

रेघोट्या:
‘पिवळी माती’ यांनी काल चित्रकार जगदीश स्वामीनाथनबद्दल लिहिलं, “त्याने आयुष्यभर एकच पक्षी काढला. साचा सापडला, तो गिरवत बसला.” हे वाचून गप्प बसवेना. साठच्या दशकाच्या मध्यात त्याच्याकडे रंगांची भूमिती होती. पक्षी, डोंगर आणि झाड त्या दशकाच्या अखेरीस आले. १९८२ मध्ये भोपाळला भारत भवन हे कलाकेंद्र सुरू झालं, तो तिथलं रूपंकर हे कलासंग्रहालय सांभाळू लागला आणि चित्रांत आदिवासी खुणा, त्रिकोण, मातकट रंग आले. १९२८ ते १९९४ या आयुष्यात पक्ष्याच्या वाट्याला साधारण दीड दशक आलं. आणि साचा कसला? चित्रातला तो इवलासा पक्षी अंगठ्याने झाकून बघा. अधांतरी तरंगणारा खडक केवढा आहे तेच कळेनासं होतं. मापाचं सगळं गणित त्या पक्ष्यावर आहे.

पिवळी माती:
दीड दशक म्हणजे थोडं झालं का? खडक, पक्षी, मागे सपाट पिवळा. तो पिवळा तर कोणीही दिवसभरात लावेल.

टर्पेंटाइन:
लावून दाखवा. कॅनव्हासला प्राइमरचे, म्हणजे अस्तराचे, तीन हात, प्रत्येक वाळल्यावर चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासाई. मग पिवळ्याचा पहिला हात टर्पेंटाइनमध्ये पातळ, दुसऱ्यात थोडं जवसाचं तेल. उलट केलंत तर वरचा थर आधी सुकून तडकतो. टर्पेंटाइन जास्त झालं की तेल कमी पडतं, रंग खडूसारखा बोटाला लागतो. प्राइमर तेल पिणारा असेल तर मध्येच मॅट, बिनचमक डाग पडतात. अख्खा हात एका बैठकीत संपवायचा, अर्ध्यावर थांबलात की जोड दिसतो. तो वाळायला आठवडा तरी द्या, नाहीतर पक्ष्याचा पांढरा पिवळ्यात मिसळून मळतो.

अकोलेकर:
ग्रुप १८९० हा चित्रकारांचा गट म्हटलं की सगळे स्वामीनाथनवरच येतात. त्याच गटातला अंबादास अकोल्यात जन्मला, जे. जे.त शिकला. त्याच्यावर मराठीत किती लिहिलं गेलं?

रेघोट्या:
तक्रार रास्त आहे. त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येईन. इथे पक्ष्याबद्दल बोलू द्या.

पिवळी माती:
आणि तो सपाट पिवळा तरी त्याचा कुठे? जम्मूकडच्या बसोलीच्या जुन्या लघुचित्रांतून उचललेला.

टर्पेंटाइन:
उचलला असेलही, पण बसोलीत त्यापुढे राधा-कृष्ण, झाडं, महिरपी असतात, बघायला कथा असते. इथे कथा काढून घेतली आहे. वहीच्या पानाएवढं लघुचित्र सलग पिवळं ठेवणं एक, तीन-चार फुटांचा कॅनव्हास ठेवणं वेगळं. तेवढ्या रिकाम्या जागेत एका ठिकाणी जरी मॅट डाग पडला तरी नजर तिथेच अडकते, पक्ष्यापर्यंत पोचत नाही.

पिवळी माती:
बरं. ‘आयुष्यभर’ मागे घेतो, पिवळा दिवसभरात होत नाही हेही मान्य. ‘साचा’ मात्र मागे घेणार नाही.