लहान रुग्णालयाच्या इमर्जन्सी रूममध्ये ट्रॅव्हल नर्स (काही आठवड्यांच्या काँट्रॅक्टवर दुसऱ्या ठिकाणी काम करणारी नर्स) म्हणून जाताना काय पाहावे?

प्रश्न

नमस्कार. मिरजेत नर्सिंग शिकून मी अमेरिकेत आले. सध्या ह्यूस्टनच्या एका मोठ्या ट्रॉमा सेंटरमध्ये (गंभीर अपघातग्रस्तांवर उपचार करणाऱ्या रुग्णालयात) इमर्जन्सी रूमची नर्स आहे. पश्चिम कॅन्ससमधील एका लहान ‘क्रिटिकल अ‍ॅक्सेस’ (ग्रामीण भागासाठीच्या सरकारी योजनेतील) रुग्णालयात १३ आठवड्यांच्या रात्रपाळीचे काँट्रॅक्ट मला मिळू शकते. आमच्याकडे हाक मारल्यावर काही मिनिटांत हृदयरोगतज्ज्ञ येतात. तिथे मात्र रात्री इमर्जन्सीत बहुधा मी एकटीच नर्स असेन आणि डॉक्टर घरून येतील. मला कामाच्या ताणाची भीती नाही, पण माझ्या अननुभवामुळे एखाद्या रुग्णाच्या उपचारांना उशीर होऊ नये, असे मनापासून वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

ताई, आपली काळजी योग्य ठिकाणी आहे. १९९७च्या कायद्याने सुरू झालेल्या ‘क्रिटिकल अ‍ॅक्सेस’ योजनेतील रुग्णालयांना जास्तीत जास्त २५ खाटा ठेवता येतात आणि इमर्जन्सी सेवा चोवीस तास द्यावी लागते, परंतु डॉक्टर किंवा त्यांच्या जागी नेमलेली व्यक्ती इमारतीतच असावी असे बंधन नसते. बोलावल्यावर ३० मिनिटांत, आणि अतिदुर्गम भागात ६० मिनिटांत, पोहोचले तरी नियम पाळला जातो. तेवढा वेळ रुग्ण आपल्या हाती असतो. म्हणून छातीत दुखणे, पक्षाघात, मोठा अपघात आणि सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेला जीवघेणा प्रतिसाद) यांसाठी तिथे कोणते स्थायी आदेश (डॉक्टर येण्यापूर्वी नर्सने काय करावे याच्या आधीच लिहून ठेवलेल्या सूचना) लागू आहेत, हे मुलाखतीतच विचारावे.

छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी १० मिनिटांत झाला पाहिजे, हे आपण जाणताच. फरक त्यानंतर पडतो. पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे औषध ३० मिनिटांच्या आत देण्याचा विचार करावा लागतो, आणि पश्चिम कॅन्ससमधील अंतरे पाहता हा प्रसंग वारंवार येतो. टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची मात्रा वजनानुसार ठरते, त्यामुळे वजनाचा काटा कुठे आहे यासारखी साधी गोष्टही पहिल्याच दिवशी माहीत असावी. डॉक्टर वाटेत असतानाच, त्यांच्या संमतीने, रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवण्यासाठी हेलिकॉप्टरची चौकशी सुरू करावी. हिमवादळात किंवा दाट धुक्यात ते येत नाही, आणि हे अर्ध्या तासाने कळले तर तो अर्धा तास परत मिळत नाही.

उत्तर २

मी काँट्रॅक्टविषयी थोडे लिहितो. टेक्सास आणि कॅन्सस ही दोन्ही राज्ये नर्सिंग परवान्याच्या आंतरराज्य करारात आहेत. त्यामुळे आपले कायम वास्तव्य टेक्सासमध्ये असून परवाना बहुराज्यीय असेल, तर कॅन्ससचा वेगळा परवाना लागत नाही. रुग्ण कमी असले की लहान रुग्णालये शिफ्ट रद्द करतात, म्हणून हमीचे तास (शिफ्ट रद्द झाली तरी ज्यांचे पैसे मिळतात ते) लेखी घ्यावेत. वॉर्डात किंवा प्रसूतिकक्षात पाठवणार का, तेही लिहून घ्यावे. राहण्याचा भत्ता करमुक्त आहे असे काँट्रॅक्ट मिळवून देणारी एजन्सी सांगेल. परंतु आपले मूळ घर चालू असून दोन्हीकडचा खर्च खरोखर होत असेल तरच ते खरे ठरते.

उत्तर ३

मी अशाच एका रुग्णालयात कायमस्वरूपी काम करते. ग्रामीण भागात अनेक रुग्णालयांनी प्रसूतिविभाग बंद केले आहेत, पण कळा सुरू झालेली स्त्री इमर्जन्सीच्या दारात येतेच, आणि १९८६च्या कायद्याप्रमाणे तिला तपासणे व स्थिर करणे बंधनकारक आहे. एसीएलएस, पीएएलएस आणि टीएनसीसी (अनुक्रमे प्रौढांचे व मुलांचे प्रगत जीवरक्षण आणि अपघातग्रस्तांची शुश्रूषा) हे अभ्यासक्रम आपण केलेले असतीलच. नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षणही जाण्यापूर्वी जरूर घ्यावे. आमच्याकडे रात्री फार्मासिस्ट नसतो, त्यामुळे ठिबकातून द्यायची औषधे आम्हीच तयार करतो. रक्तपेढीत ओ निगेटिव्ह रक्ताच्या मोजक्याच पिशव्या असतात. किती आहेत, ते प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला विचारण्याची सवय ठेवावी.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. इथे येणारा रुग्ण बहुतेक वेळा कर्मचाऱ्यांपैकी कोणाचा तरी शेजारी किंवा नातेवाईक असतो. बाहेरून आलेल्या नर्सचे हात अशा वेळी स्थिर राहतात, आणि म्हणूनच आम्हाला आपल्यासारख्यांची गरज असते.

प्रश्नकर्ती

सर्वांची मनापासून आभारी आहे. एक शंका राहिली: हेलिकॉप्टर आले नाही तर रुग्णासोबत रुग्णवाहिकेत कोण जाते?

उत्तर १

काही ठिकाणी नर्सलाच जावे लागते. रुग्णवाहिकेवर पॅरामेडिक नसेल आणि रुग्णाला शिरेवाटे औषध चालू असेल, तर त्याला सोबतीवाचून पाठवता येत नाही. पण नर्स गेली की इमर्जन्सी रूम अनेक तास रिकामी राहते. अशा वेळी तिच्या जागी रात्री कोणाला बोलावतात आणि ती व्यक्ती किती वेळात पोहोचते, हे परिचारिका-प्रमुखांना थेट विचारावे. स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत काँट्रॅक्टवर सही करू नये, असे माझे मत आहे.