पॅच, मॉड, ठिगळ, फेरफार : कुठला शब्द कुठं बसतोय?
(बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या कोल्हापुरातल्या भागांवरनं)

राजारामपुरी :
दोन शब्दांपाशी अडलोय, मदत करा : पॅच (गेममधली चूक काढायला नंतर जोडलेला तुकडा) आणि मॉड (मॉडिफिकेशन, गेममध्ये केलेला बदल). धाकट्या भावाच्या कॉलेजच्या अंकात एज ऑफ एम्पायर्स २ ह्या कॉम्प्युटर गेमवर लेख जाणार आहे, तो मी तपासून देतोय. त्यानं लिहिलंय, 'कंपनी देते तो पॅच आणि पब्लिक बनवते तो मॉड'. वाचायला सोपं आहे पण खरं नाही ना हे. ह्याच गेमच्या द कॉन्करर्स ह्या जादा भागाला (२०००) युजरपॅच म्हणून एक आहे, तो अख्खा चाहत्यांनी बनवलेला, कंपनीचा त्यात हात नाही, नवीन रुंद स्क्रीनवर जुना गेम नीट दिसावा, राहिलेल्या चुका निघाव्यात म्हणून पोरांनी आपला वेळ घालून तो केला आणि नावातच पॅच आहे. सिव्हिलायझेशन ५ ह्या दुसऱ्या गेमचा कम्युनिटी पॅच पण तसलाच. आणि उलटं बघा, स्टारक्राफ्ट गेमचा १.०८ नंबरचा पॅच हा कंपनीचा, २००१ चा, त्यात झालेली मॅच परत बघायची सोय आली. ही काय दुरुस्ती नव्हे, घराला नवीन खोली काढल्यासारखं आहे. माझ्या मनात पॅचला ठिगळ आणि मॉडला फेरफार असं आहे. चालेल काय?

मंगळवार पेठ :
ठिगळ मला आवडलं आणि ते अर्थाला पण धरून आहे. पूर्वी कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम कागदी पट्टीवर भोकं पाडून लिहायचे, चूक झाली की तेवढा तुकडा कापून दुसरा जोडायचा नाहीतर चुकीच्या भोकावर कागद चिकटवायचा, त्यालाच पॅच म्हणायचे. म्हणजे खरंखुरं ठिगळच की.
पण एक सांगतो, आमचं शिलाईचं दुकान, त्यातच वाढलो मी, आमच्यात ठिगळ आणि रफू हे दोन वेगळे. ठिगळ लांबनं दिसतंय. रफू चांगला झाला तर गिऱ्हाईकाला स्वतःला सापडत नाही कुठं फाटलं होतं ते, धागा त्याच कापडाचा काढून घ्यावा लागतो, डोळे जातात त्यात. गेम मधेच बंद पडायचा, अपडेट आल्यावर पडायचा थांबला आणि बाकी कशाला धक्का नाही, तर तो रफू. आणि मापच बदलून घेतलं, बाही कमी केली, कॉलर काढली तर त्याला आम्ही अल्टर म्हणतो, ते दुरुस्तीत धरत नाही. तुमचा मॉड म्हणजे अल्टर. मग अल्टर मूळ शिंप्यानं केलं काय आणि दुसऱ्यानं केलं काय, अल्टर ते अल्टरच.

उद्यमनगर :
ताई, तुम्ही एकदम बरोबर बोलला. आमच्याकडं गाड्यांचं पण हेच, सायलेन्सर फुटला तो वेल्डिंग करून बसवला तर 'काम केलं' म्हणतात, हँडल बदललं सीट बदलली की 'गाडी मॉडिफाय केलीय'. कोल्हापुरात मॉडिफाय शब्द शाळकरी पोराला पण कळतो, मग मॉडला नवीन मराठी शब्द कशाला शोधायचा, मॉडच ठेवा की. फक्त लिहिताना मॉ वर चंद्र द्यायला सांगा भावाला, मोड लिहिलं की वाचणारा सायलेंट मोडवर जातोय नाहीतर मटकीच्या मोडावर.

कसबा बावडा :
फेरफार नको हो. आमच्या भागात फेरफार म्हटलं की पहिल्यांदा तलाठ्याकडची नोंद आठवते, गाव नमुना ६, जमीन वारसाच्या नावावर चढवायची झाली की तिथं नोंद पडते मग सातबारा बदलतो. आणि दुसरा अर्थ पेपरमधला, 'कागदपत्रांत फेरफार', म्हणजे लबाडी. पहिल्या अर्थानं घेतलं तर ती अधिकृत नोंद, म्हणून फेरफार कंपनीच्या बाजूला जातो, दुसऱ्या अर्थानं घेतलं तर जी पोरं रात्र रात्र जागून प्रेमानं काहीतरी करतात त्यांच्यावर आळ आल्यासारखं होतंय. दोन्हीकडनं चुकतंय.

राजारामपुरी :
फेरफार खोडला. लबाडीचा वास येतोय हे डोक्यातच नाही आलं आणि ते खरंच अन्याय करणारं झालं असतं, कारण ह्याच गेममधली एक गोष्ट मला फार जवळची आहे. आम्ही कॅफेत लॅनवर (मशीन एकमेकांना जोडून) खेळायचो तेव्हा ब्रिटन, फ्रँक, मंगोल सगळे होते, आपला देश नव्हता. तो पहिल्यांदा आणला कुणी तर चाहत्यांनी, फरगॉटन एम्पायर्स नावाच्या मॉडमधनं, २०१२ च्या डिसेंबरात, इंडियन्स, इन्का, इटालियन, स्लाव, मग्यार असे पाच. पुढच्याच वर्षी तेच काम द फरगॉटन नावानं अधिकृत एक्स्पान्शन (मूळ गेमला जोडायचा जादा भाग) म्हणून विकायला आलं, बनवणारी तीच मंडळी. २०२२ ला डायनॅस्टीज ऑफ इंडिया आलं तेव्हा इंडियन्सचं नाव हिंदुस्तानीज झालं आणि गुर्जर, बंगाली, द्रविड वेगळे आले. आता सांगा, २०१२ ला जो मॉड होता तो २०१३ ला कुठला शब्द घेणार? काम तेच, नुसता शिक्का बदलला.
म्हणून मला वाटतंय 'दुरुस्ती का बदल' हा एक प्रश्न आणि 'अधिकृत का हौशी' हा दुसरा, भावानं दोन्ही एकातच कोंबलेत. हौशी शब्द मुद्दाम घेतलाय, आपल्याकडं हौशी नाटकवाले म्हणतो त्यात कमीपणा काही नाही, पदरचे पैसे घालून करणारा माणूस असा अर्थ आहे. मग युजरपॅच म्हणजे हौशी दुरुस्ती, १.०८ मधली ती सोय म्हणजे अधिकृत भर, असं लिहिता येतंय.

मंगळवार पेठ :
हौशी दुरुस्ती झ्याक आहे. आणि क्रियापदांकडं पण बघा, आमच्या घरातली पोरं 'पॅच आला' म्हणतात पण 'मॉड टाकला' म्हणतात. एक आपोआप येतो, दुसरा आपण शोधून, मनात आणून घालायचा. बोलणाऱ्यांनी फरक आधीच केलाय. 'पॅच मारला' मात्र लिहू नका, ते रस्त्यावरच्या खड्ड्याला वापरतात, डांबर ओतलं की पावसात परत उखडतं, तसली छटा चांगल्या कामाला लागू नये.

उद्यमनगर :
आणि मॉड तो का ते? आमच्यात दोन्ही चालतंय.

राजारामपुरी :
मी 'तो' धरतोय, पॅच तो तसा मॉड तो. ठिगळ मात्र 'ते' आणि रफू परत 'तो'. भावाचं ते वाक्य आता असं केलंय : 'पॅच आपोआप येतो आणि बहुतेक वेळा चूक काढतो, मॉड आपण टाकतो आणि तो गेमच बदलतो, दोन्ही कंपनीचे असू शकतात आणि हौशी लोकांचेही.' ह्यातलं 'आपोआप' खटकतंय, कारण युजरपॅच पण हातानंच टाकावा लागायचा आणि कॅफेत एका मशीनवर टाकायचा राहिला की तो गडी गेममध्ये जॉइनच व्हायचा नाही. ताई, तिथं काय घालू?

मंगळवार पेठ :
आपोआप काढून टाका. 'पॅच चूक काढतो' एवढ्यावर थांबा, कसा आला ते पुढच्या वाक्यात सांगा.